बेडगावच्या घाटात गिअर कुणी टाकला?

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टी मानत नाही. हे लिहून झाल्यावरही मानणार नाही. तेव्हा लिंबू-मिरची घेऊन कमेंटमध्ये येणाऱ्यांनी ती बाहेर ठेवून शांतपणे वाचावं.

मी चंद्रपूरचा. एका कारखान्याच्या कंट्रोल रूममध्ये तीस वर्षं काढली, शेवटी शिफ्ट इन्चार्ज होतो. आमच्याकडे प्रत्येक व्हॉल्व्हला दोन बटणं — ऑटो आणि मॅन्युअल. कुणी कधी काय दाबलं ते कॉम्प्युटर लॉगमध्ये लिहून ठेवतो. माझा नियम एकच: ऑटोवर ठेवा, हात लावू नका. कुणी “साहेब, आपोआप झालं” म्हणालं, की मी त्याच्यासमोर लॉग उघडायचो.

मेश्रामसमोरही उघडला होता. हा आमचा ऑपरेटर, अबोल माणूस. त्याच्या शिफ्टमध्ये एक व्हॉल्व्ह ऑटोवरून मॅन्युअलवर गेला आणि सगळी लाईन बंद पडली. तो म्हणे, हात लावला नाही. लॉग म्हणे, ऑपरेटरने हाताने बदललं. मी म्हटलं, “तुझाच हात गेला असेल, तुला समजलं नसेल.” रिपोर्टवर तसाच शेरा मारला. त्याला कंट्रोल रूममधून काढून कोळशाच्या यार्डात टाकलं. अजून तिथेच आहे.

रिटायर झालो आणि मोटरहोम घेतली. आत पलंग, शेगडी, मोरी, सगळं. बायको म्हणाली, एक घर झाडून होत नाही तर हे दुसरं चाकावरचं काऊन आणलं... गाडी अर्थातच ऑटोमॅटिक. डी टाकला की गिअर तीच बदलते, ‘इको’ दाबलं की डिझेल कमी पिते. एम म्हणजे मॅन्युअल. त्यासाठी गिअरच्या दांड्याचं बटण दाबायचं, तो डावीकडे सरकवायचा आणि एकेक गिअर खाली ओढायचा. एमला मी कधी हातही लावला नव्हता. तत्त्वाचा प्रश्न होता!

गेल्या डिसेंबरात मेहुणीकडे कोरचीला गेलो होतो. परत येताना दुपारी तीनच्या सुमारास बेडगावच्या घाटमाथ्यावर थांबलो. तिथे डहाळ्यांचा मोठा ढीग आहे. घाट उतरणारा प्रत्येक जण गाडी थांबवून तिथल्या देवाला एक डहाळी टाकतो. एक ट्रॅक्टरवाला टाकतच होता. त्याने आमची गाडी पुढून मागून पाहिली.

“घरच घेऊन फिरून राह्यले का भाऊ?”

मी खूश होऊन त्याला सगळी बटणं दाखवली. त्याने एकच विचारलं, कोणत्या गिअरमध्ये उतरवता? मी म्हटलं, ते गाडी ठरवते.

“गाडीले काय मालूम, खाली काय हाय ते?”

मग त्याने डहाळी टाकली, पहिला गिअर टाकला आणि रांगत निघून गेला. बायको म्हणाली, आपणही टाकू. मी नाही म्हटलं, आणि वर अर्धा तास भाषण... थांबण्यामागे अक्कल एवढीच की थांबलेली गाडी खालच्या गिअरमध्ये सुटते आणि मग इंजिनच तिला आवरून धरतं. देव-बिव काही नाही. बायको कंटाळून मागे पलंगावर जाऊन बसली.

मी डी टाकला, इको दाबलं. गाडीने उतारावर आनंदाने वरचे गिअर घेतले आणि सगळा भार ब्रेकवर आला. मी दाबतोय, सोडतोय, दाबतोय. दुसऱ्या वळणाला जळका वास आला. तिसऱ्याला पेडल मऊ झालं... पार खाली गेलं तरी गाडी पळतच होती. चौथं वळण दिसलं आणि त्या वळणावर बाया. धान कापून परतणाऱ्या दहा-बारा जणी, डोक्यावर भारे, रस्त्याच्या कडेने ओळीत. एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला दरी. मी हॉर्नही वाजवला नाही, कारण दोन्ही हातांनी स्टिअरिंग आवळलं होतं. एम आठवला? नाही. तीस वर्षांची सवय, संकट आलं की हात लावायचा नाही.

तेवढ्यात कट... कट... कट. दांडा. इंजिन ओरडलं, मागे डबे घरंगळले, आणि कुणी मागून दोर बांधून ओढल्यासारखी गाडी अडखळत मंदावली. समोर आकडा होता एम दोन. माणसाच्या चालीने आम्ही त्या बायांजवळून गेलो. एकीने खिडकीचा फुलाफुलांचा पडदा पाहिला आणि शेजारणीला दाखवून हसली.

खाली सपाटीवर गाडी थांबली. बायको पुढे आली आणि म्हणाली, सुचलं एकदाचं तुम्हाला. मी म्हटलं, मी नाही टाकला गिअर.

“मंग कोणं टाकला? मी तं मांगं होती.”

तिच्या मते ते घाटातल्या देवाचं काम. मी म्हटलं, मी डहाळी टाकली नव्हती, तो कशाला मदत करेल?

चंद्रपूरला आल्यावर गाडी गॅरेजला दाखवली. ही गाडीसुद्धा गिअर कसा बदलला ते लिहून ठेवते. गॅरेजमधल्या पोराने लॅपटॉप लावला आणि वाचलं: मॅन्युअल, दांड्याने, हाताने, पाच-चार-तीन-दोन. गिअरमध्ये बिघाड काहीच नाही. वर मलाच म्हणाला, काका, घाबरल्यावर आपलाच हात जातो, समजत नाही.

मी गॅरेजचे पैसे दिले आणि घरी येऊन मेश्रामचा नंबर शोधला.

दुसऱ्या दिवशी त्याला फोन केला. किती वर्षांनी. घाट, बाया, दांडा, सगळं सांगितलं. त्याने विचारलं,

“लॉगमध्ये काय आलं साहेब?”

“हाताने.”

“मंग तुमचाच हात गेला असन. तुमाले समजलं नसन.”

“नाही गेला रे माझा हात.”

तिकडे कोळशाच्या गाड्यांचा आवाज येत होता.

“मालूम हाय मले,” तो म्हणाला.

मंडळी, देव मी आजही मानत नाही, आणि ज्यांना ‘काका घाबरले होते’ म्हणायचंय त्यांनी खुशाल म्हणा. पण त्याच आठवड्यात मी जुन्या ऑफिसला पत्र दिलं, की मेश्रामच्या रिपोर्टवरचा माझा शेरा मी मागे घेतो. तिथल्या बाबूने विचारलं, कारण काय लिहू? म्हातारा बिघडला, अशा नजरेने बघत होता. मी त्याच्याच पेनने लिहिलं: कारण माहीत नाही. आणि खाली सही केली.