धुतलेलं लुगडं

बिरू, हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही. तुला सोलापूर मानवलं नाही म्हणून तू सांगोल्यात वाढलास, हे खोटं आहे.

बाप गेला, मागोमाग दुष्काळात मेंढरं संपली. आई आपल्याला घेऊन बैलगाडीनं निघाली तेव्हा मी सात वर्षांचा होतो, तू अंगावर पिणारा. वाटभर तू तिच्या पदराखाली. मी मागं, बोचक्याला टेकून. गाव सुटल्याचं मला काहीच वाटलं नाही. डोळ्यांपुढं नुसता तो पदर होता.

शुक्रवार पेठेत खोली मिळाली, आईला मिलमध्ये काम. भोंग्याआधी ती आदल्या दिवशी नेसलेल्या लुगड्याची झोळी बांधून तुला त्यात निजवायची आणि मला बजावायची, "धुऊ नगं बरं का. माज्या वासावर निजतंय त्ये."

वासाचं मला चांगलं ठाऊक होतं. परका वास लागलेलं कोकरू मेंढी लाथाडते, हे बापानंच दाखवलेलं. मी लुगडं साबणानं धुतलं, तुलाही त्याच साबणानं चोळलं. सोलापूरचं ऊन, लुगडं घटकेत वाळलं. मग दारात बसून आईची वाट बघितली.

तिनं तुला उचललं आणि पाजायला घेतलं. दिवसभराच्या कापसानं तिचं नाक चोंदलेलं असायचं.

बिघडलं ते तुझंच. झोळीत रडून रडून निळा व्हायचास, वाटीतलं दूध थुंकायचास. आई तुला नव्हे, तू आईला वासावर ओळखत होतास, हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. तरी मी रोज धूत राहिलो.

पंधरवड्यानं सांगोल्याहून आत्या घोंगड्या विकायला आली. म्हणाली, "वयनी, पोराला हितली हवा मानवंना. माज्याकडं ऱ्हाऊ दे की."

आईनं मला विचारलं, "दिसभर रडतंय व्हय रं?"

"लई," मी म्हणालो.

तू गेल्यावर कितीतरी दिवस तिची चोळी दुधानं भिजायची. तिची कूस आता माझी एकट्याची होती. थोपटताना मात्र ती मला बिरू म्हणायची.

आज मी त्याच मिलमध्ये जॉबर, म्हणजे मुकादम आहे, क्वार्टरमध्ये विजेचा दिवा आहे. तू वर्षाकाठी येतोस. आत्याला आई म्हणतोस आणि आईला, आत्याचं ऐकून, वयनी. ती ताट वाढते. घर म्हटलं की मला अजून आढ्याला ती रिकामी झोळीच दिसते.

आई थकली आहे. हे वाचून ये. मी तिला सगळं सांगणार आहे, तुझ्यासमोर. तुझी आई मी तुला देणं लागतो.