हिरवं गेट, चाळीस जोड चपला

शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०१४. रुस्ताक. ऊन सौम्य, वारा बेताचा, आकाश निरभ्र.

हवामानाची नोंद अचूक आहे. त्या दिवशी माझं तेवढंच अचूक! बाकी जो काही घोळ घातला तो सांगतो, पण आधी हातातला चहा खाली ठेवा. ठसका लागेल.

माझे मेहुणे अण्णा चिपळूणहून पंधरा दिवसांसाठी मस्कतला आले होते. तिसऱ्याच दिवशी ताटावर बसून टोमणा आला. "भावोजी, नऊ वर्षं इथं काढलीत, आणि आम्हाला आपली घरचीच आमटी?"

तोही बायकोसमोर! सासरच्या माणसांतली माझी सगळी अब्रू आता एका जेवणावर टांगली गेली.

पण मी वहीवाला माणूस. कुठे काय चांगलं मिळतं ते टिपून ठेवलेलं. रुसैलच्या आमच्या कारखान्यातले रत्नागिरीचे इक्बालभाई बोलले होते, ते शब्दशः लिहिलं होतं: 'रुस्ताक. मशिदीपुढे डावीकडे हिरवं गेट. बाहेर चपला दिसतील. जमिनीवर बसून जेवण. बायकांना वेगळी खोली.'

शुक्रवारी रुस्ताकचा किल्ला पाहून दोन वाजता तिथे पोचलो. मशीद? होती. हिरवं गेट? होतं. चपला? चाळीस जोड तरी असतील!

"गर्दी आहे म्हणजे चव आहे," मी अण्णांना म्हटलं.

दारात पांढऱ्या दाढीचे एक म्हातारे उभे होते. "तफद्दल, तफद्दल!" म्हणत त्यांनी हात धरून आत नेलं. माझ्या बायकोला, सुनंदाला, एक मुलगी दुसऱ्या दाराने घेऊन गेली.

"फॅमिली सेक्शन," मी समजावलं.

गालिच्यावर बसलो. परातीएवढ्या थाळीत मटण-भात आला. काय ते मटण! बोटाने सुटत होतं. अण्णा चक्क गप्प झाले. मी गप्प बसेन तर ना!

"चाचा, लिंबू!" लिंबू आलं.

"चाचा, चटनी!" चटणी आली.

मग कहावा, म्हणजे अरबी कॉफी, आला. बिनदुधाचा, बिनसाखरेचा. मी तोंड वाकडं केलं. "चाचा, ये नहीं. दूधवाली चाय. दो. शक्कर कम."

"इन्शाल्ला," म्हणून म्हातारे स्वतः उठून आत गेले.

"मालक स्वतः धावतोय हो, भावोजी!" अण्णा खूष. "आमच्याकडे पाणी मागितलं तर पोरगा छताकडे बघतो."

मी तिथेच वही उघडली. 'चव उत्तम. मीठ किंचित कमी.' आणि नुसतं लिहून थांबलो नाही, चाचांना तोंडावर सांगितलंसुद्धा! मग ऐटीत हात वर केला.

"चाचा, बिल!"

सगळी खोली माझ्याकडे बघायला लागली.

"बिल कायको?" चाचा म्हणाले. "ये मेरा घर है. आज पोते का दावत है. होटल आगे है, दूसरी मस्जिद के पास."

वहीत मशीद होती. कितवी, ते नव्हतं!

गालिच्याखाली शिरता आलं असतं तर शिरलो असतो. तेवढ्यात दारात सुनंदा. कडेवर तान्हं बाळ! "अहो, एवढ्या ओळखीतली माणसं आहेत, तर आधी सांगायचं नाही? बाळाकडे रिकाम्या हातानं आले मी!"

अण्णा हसून हसून आडवे झाले. चाचांनी माझा खांदा थोपटला. "कोई बात नहीं. अगले जुम्मे मैं तुम्हारे होटल में आएगा."

खरं सांगू? नऊ वर्षं मी म्हणत होतो, इथं आपल्याला कुणी घरी जेवायला बोलावत नाही. मी तरी कुणाच्या दारात गेलो होतो? पहिल्यांदा गेलो तो चुकून, आणि त्या माणसाने आधी हात धरला, कोण म्हणून विचारलंच नाही. त्या घासाची चव अजून जिभेवर आहे.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर २०१४. मस्कत. किंचित ढगाळ, वारा नाही.

चाचा आणि त्यांच्या घरची पाच माणसं एक वाजता आली. चाचांनी जमिनीवर मांडी घातली आणि मला हाक मारली, "चाचा, लिंबू!"

एकूण जेवणारे नऊ. सुरमईच्या तुकड्या एकवीस. सोलकढी दोनदा. बिल मागितलं, दिलं नाही. पाहुण्यांचा शेरा: मीठ किंचित कमी.