एस्तेरच्या डोक्यावरचं पाणी

मला आडवं करू नका, मी बुडते, असं मी सांगत होते, पण आवाजच निघंना. इकोच्या टेबलावर झोपवलं होतं, छातीवर गार जेली, अन् दम नुसता गळ्यापर्यंत यायचा, आत जायचाच नाय. टीव्हीसारख्या पडद्यावर माझं हृदय दिसत होतं. बादलीत बुडवलेल्या ओढणीगत हळूहळू हलत होतं.

डॉक्टर मॅडम म्हणल्या, "पेरिपार्टम कार्डिओमायोपॅथी आहे. हार्ट फेल्युअर."

फेल म्हणल्यावर मला वाटलं संपलं. मग मॅडमनी समजावलं. "बाळंतपणाच्या आसपास काही बायकांचं हृदय ढिलं पडतं. रक्त नीट पुढं ढकलत नाही, मग फुप्फुसात पाणी साचतं. औषधांनी बऱ्याच जणी बऱ्या होतात. सगळ्या नाही." शेवटचं त्या हळू म्हणल्या, पण मला ऐकू आलं.

मी मुकुंदवाडीत राहते. आठवीपर्यंत शिकले. बाळंतीण बायांनो, पाय सुजले, उताणं पडलं की खोकला आला, उशीवर उशी लावावी लागली, तर अंगावर काढू नका. सासू अशक्तपणा म्हणून डिंकाचे लाडू चारत होती, अन् मी म्हणायचे, उद्या दाखवू.

असंच उद्या उद्या माझ्या लेकीच्या, एस्तेरच्या, बाप्तिस्म्याचं चाललं होतं. आमच्या ख्रिस्ती लोकांत लेकरू लहान असतानाच पाळकसाहेब चर्चच्या मंडळीसमोर त्याच्या डोक्यावर पाणी घालतात. पांढऱ्या फ्रॉकसाठी थांबलो. गुलमंडीच्या बाजारातून फ्रॉक आणला, तर सासू म्हणली नाताळला पाहुणे येतात, तवा करू. नाताळात पोरीला ताप आला. मग ईस्टरवर गेलं. मला बी बरंच वाटायचं. कारण तिथं आईला उभं राहून वचन द्यावं लागतं, लेकराला देवाच्या वाटेनं वाढवीन म्हणून. मलाच धड प्रार्थना येत नाय. वाटायचं, आधी मी नीट होते, मग देते.

आयसीयूत मास्क लावला. तिथं दिवस कवा उजाडतो कळत नाय, उजेड सारखाच. डोळे मिटले की मी लई खोल पाण्याखाली बसलेली असायची. वर उजेड डुलायचा, अन् काठावर कोणतरी असायचं. हाक मारायचं नाय, घाई करायचं नाय, नुसतं थांबलेलं. तिथं भ्याव वाटायचं नाय. डोळे उघडले की वाटायचं.

पाणी मोजून मिळायचं. या आजारात जास्त पाणी चालत नाय. सिस्टर सकाळी एक बाटली ठेवायची, औषधाच्या गोळ्या बी त्याच्यातच. जीभ लाकडागत व्हायची.

वॉर्डात आणल्यावर सासूनं पाळकसाहेबांना फोन लावून माझ्या कानाला धरला. ते लासूर स्टेशनला सभेला गेलते. म्हणले, "बाई, लेकरू मरणाच्या दारात असलं तर कोणीबी विश्वासी पाणी घालू शकतो. पण तुझी लेक खुशाल हाय. तू बरी हो, मग मंडळीसमोर करू."

सासू म्हणली, "ऐकलं ना? दवाखान्यात उरकायचं काम नाय ते."

"अन् मी मेले तर?"

"मरू नको बाई. तुझ्या लेकीची दुपटी धुऊन धुऊन मीच आधी जाईन."

दुपारी परत दम चढला. मॅडमनी छातीला नळी लावून ऐकलं अन् म्हणल्या, परत आयसीयूत न्यावं लागंल. सासू एस्तेरला घेऊन बाहेर बसली होती. मी शबाना सिस्टरचा हात धरला, एकदा दाखवा म्हणले.

"बच्ची को अंदर नाय चालत," ती म्हणली. मग दाराबाहेर बघून सासूला आत बोलावलं. "जल्दी करो अम्मा. मॅडमनं बघितलं तर मेरी खैर नाय."

एस्तेर मांडीवर आली. दुधाचा वास आला. माझी बाटली निम्मी उरली होती, अन् तहान एवढी की डोळ्यापुढं पाणीच पाणी. मी झाकण उघडलं. सासूला कळलं, तिनं तोंड फिरवलं, पण लेकराची मान सोडली नाय.

वचन मागायला कोणी नव्हतं. मीच मला विचारलं, मीच व्हय म्हणले. पिता, पुत्र अन् पवित्र आत्म्याच्या नावानं तिच्या डोक्यावर तीनदा पाणी घातलं. ती शिंकली. शबाना सिस्टर दुआच्या सवयीनं आमीन म्हणली. मग सासूबी आमेन म्हणली, सिस्टरच्या मागं राहायला नको म्हणून.

आयसीयूतून मी परत आले. आता हृदयाचं पंपिंग सुधारलंय, गोळ्या चालू हायत, दुसरं लेकरू नको असं मॅडमनी बजावलंय. त्यांचे, सिस्टरचे अन् देवाचे उपकार. आता मी भाकरी थापता थापताच प्रार्थना करते, मोडकीतोडकी. नीट व्हायची वाट बघत नाय.

पाळकसाहेब म्हणतात, लेकरू तवा धोक्यात नव्हतं, मग तो बाप्तिस्मा धरायचा का हे मंडळीला विचारावं लागंल. सासू आता त्यांच्याशी भांडते. "मी स्वतः मान धरलती. बाप्तिस्मा दोनदा नसतो, साहेब."

मला एवढं कळत नाय. लेकरू खुशाल होतं हे खरंच. भरवसा माझ्या जगण्याचा नव्हता. तुम्ही माझ्या जागी असत्या, लेकरू मांडीवर अन् तुम्हाला न्यायला स्ट्रेचर येतंय, तर ईस्टरपर्यंत थांबल्या असत्या का?