काळीज मागणाऱ्या बाई

बाई बाळाचं तोंड आधी कधी बघायच्या नाहीत. वॉर्डात आल्या की दूध पिणाऱ्या बाळाच्या कपाळावर तळहात टेकवायच्या. हात ओला लागला की त्यांचा चेहरा उतरायचा. दूध ओढताना ज्या बाळाला कुस्ती खेळल्यासारखा घाम फुटतो, त्याच्या काळजात खोट असू शकते, हे मी त्यांच्याकडून शिकले. मी मुदखेडची, नर्सिंग करून नांदेडच्या त्या दवाखान्यात नुकतीच लागले होते. बाई तिथल्या सर्जन. तोंडावर सगळे त्यांना नुसतं बाई म्हणत. पाठीमागे काय म्हणत, ते सांगतेच पुढे.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला खाटकाकडे पिटाळलं. म्हणाल्या, करडाचं काळीज आण, कोवळं बघून. मी इमानेइतबारे आणलं. पुडी सोडली तर आत कलेजी. खाटकाचं काळीज म्हणजे आपण कांद्यावर परततो ते. जे धडधडतं त्याला तो दिल म्हणतो. बाई एवढ्या हसल्या की चष्मा काढावा लागला. दुसऱ्या खेपेला मी त्या माणसासमोर उभी राहून 'दिल द्या' म्हटलं, आणि तो असा काही हसला की पुढे महिनाभर मी ती गल्ली टाळली. तशी ती वर्षं हसण्यासारखी नव्हती. पाऊस दडी मारून बसला होता, बकऱ्यांना पाला नव्हता, लोक करडं आणून आणून कापत होते. त्यामुळे बाईंना लिंबाएवढी दिलं हवी तेवढी मिळायची. जेवणाच्या सुट्टीत टेबलावर कागद पसरून त्या त्यांना टाके घालत बसायच्या. डबा बाजूला गार होऊन जायचा.

हे सगळं कशासाठी, तर त्यांचा एक हट्ट होता. काळजाच्या आतल्या पडद्याला भोक असलेलं बाळ मोठ्या शहरात पाठवलं की तिथून उत्तर यायचं, वजन वाढवून आणा. आता ज्याला दूध ओढायची ताकद नाही ते वजन वाढवणार कुठून? त्यात आईच उपाशी, तिचंच दूध आटलेलं. बाई ते पत्र माझ्यासमोर टाकायच्या आणि म्हणायच्या, "वजन वाढेपर्यंत मूल थांबत नसतं, सिस्टर." काळीज थांबवून रक्त फिरतं ठेवणारं यंत्र आमच्याकडे नव्हतं, त्यामुळे काळीज उघडणं शक्यच नव्हतं. काळजाबाहेरची जास्तीची नळी बांधण्याइतकंच त्या करू शकत. पण भोकाच्या काठाने ठोके चालवणारी एक बारीक वाट जाते, टाका तिच्यावर पडला की काळीज थांबतं, आणि एवढ्याशा काळजात ती वाट नेमकी कुठून जाते हे शोधून त्यांना मोठ्या शहरातल्या सर्जनना दाखवायचं होतं, म्हणजे ते वजनासाठी अडून बसणार नाहीत. करडाच्या दिलावर हात बसतो, वाट सापडत नाही. त्याला माणसाचंच बाळ लागतं.

म्हणून बाई मागायच्या. बाळ गेलं की आईशेजारी फरशीवर मांडी घालून बसायच्या आणि सरळ विचारायच्या, तुमच्या बाळाचं काळीज मला शिकायला द्याल का? बाकीचे डॉक्टर वैतागायचे. 'तपासणीसाठी तुकडा' म्हणा की, कुणाला कळतंय? बाई म्हणायच्या, "आईला फसवून आणलेलं मला बघायचं नाही." याचा परिणाम व्हायचा तोच झाला. भोकरपासून देगलूरपर्यंत 'काळीज मागणारी बाई' अशी ख्याती पसरली. एक आई तर हे नाव ऐकूनच आजारी लेकरू उचलून पळाली. ते लेकरू वाचण्यासारखं होतं, नुसती नळी बांधायची होती. त्या दिवशी बाईंनी करडाचं दिल टेबलावर तसंच पडू दिलं. मला त्यांचा रागच आला होता, खोटं कशाला बोलू. एक शब्द बदलला असता तर काय बिघडलं असतं?

गयाबाई औशाकडची. लातूर नुकताच जिल्हा झाला होता आणि तिची दवाखान्याची चिठ्ठी जुन्या जिल्ह्याची की नव्याची, या घोळात चार दिवस गेले होते. अडीच महिन्यांची लेक, कपाळ सतत ओलं. बाईंनी हात टेकवला आणि काढलाच नाही. मोठ्या शहराला पत्र गेलं, वजनाचं उत्तर आलं, आणि उत्तर आलं त्याच दुपारी पोरगी गेली. बाई फरशीवर बसल्या. विचारलं. गयाबाईने लेकीचं कपाळ पदराने पुसलं. मग म्हणाली, "न्या. पर माघारी द्या. अर्धी लेक कशी घालू मातीत?"

आजवर असं कुणी बोललं नव्हतं. बाई म्हणाल्या, "देते. शिकून झालं की मी स्वतः आणून देते."

गयाबाई लेकीला पदराखाली घेऊन यष्टीत बसली, लेक झोपलीय असं कंडक्टरला सांगून. काळीज आमच्याकडे बरणीत राहिलं. पुढची तीन वर्षं बाईंनी त्याचे पातळ पातळ काप काढले, चित्रं काढली, ती एका मोठ्या सर्जनला पाठवली. शेवटी त्याने भोकरच्या एका हडकुळ्या पोरीचं काळीज वजनाची वाट न बघता उघडलं. ती वाचली. पत्र वाचून बाई रडल्या आणि लगेच म्हणाल्या, चल, औशाला जायचंय.

बरणी वायरच्या पिशवीत घालून आम्ही निघालो. यष्टीत शेजारणीने विचारलं, लोणचं हाय का? बाई म्हणाल्या, नाही, एकीची ठेव आहे. गयाबाई दुष्काळी कामावर खडी फोडत होती. बाईंना बघून उठली, पिशवीकडे बघितलं आणि विचारलं, "शिकलाव का?"

"थोडं. एक मुलगी वाचली."

गयाबाईने हातातली खडी खाली टाकली. मग म्हणाली, "बरं झालं. पर मला बरं वाटत न्हाई, बाई."

"वाटूही नये," बाई म्हणाल्या.

ती आम्हाला गावाकडच्या एका बाभळीखाली घेऊन गेली, तिथे लेकीला पुरल्याच्या जागेवर एक दगड होता. गयाबाईने तो सरकवला, आम्हाला हात लावू दिला नाही, एकटीने उकरलं आणि काळीज लेकीपाशी पुरलं. त्यानंतर बाईंनी जे जे मागून घेतलं ते ते परत केलं. किती गावं फिरलो आम्ही त्या पिशवीसकट.

बाई मागच्या उन्हाळ्यात गेल्या. रक्ताचं कुणी नव्हतं. देह शिकणाऱ्या पोरांना द्यावा असं लिहून ठेवलं होतं, साक्षीदार म्हणून माझं नाव. न्यायला आलेला डॉक्टर कोवळा होता, अदबीने कागद पुढे करत होता. मी सही केली आणि विचारलं, काळीज माघारी कधी देणार?

तो गोंधळला. म्हणाला, आजी, तशी पद्धत नसते.

मी म्हटलं, "आमच्यात आहे."