दोन अॅम्प, एक मांडव

चौदा वर्षं मी गिटार वाजवते आहे आणि चौदा वर्षांत माझ्या घरच्या कुणीही ती ऐकलेली नव्हती. खोटं वाटेल, पण खरं आहे. सुभानपुऱ्यातल्या आमच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये मोठा अॅम्प्लिफायर ठेवणार कुठे, सासूबाईंच्या पलंगावर? म्हणून माझे अॅम्प सगळे लॅपटॉपच्या आत. गिटारची वायर एका डबीत, डबीची वायर लॅपटॉपला, आणि पडद्यावर अॅम्पचं चित्र, त्याला खऱ्यासारखी बटणं. हेडफोन चढवले की माझ्या कानात गडगडाट आणि घरात नुसती तारांची टिंगटिंग. वाघोडियाच्या कारखान्यात दिवसभर लॅबमध्ये माल तपासून आले की रोज संध्याकाळी तासभर माझा हा उद्योग चालतो.

आणि मला मेटलच आवडतं. जड, काळंकुट्ट, छातीवर बसणारं. गोड गोड गिटार ज्यांना वाजवायची त्यांनी खुशाल वाजवावी. वय त्रेचाळीस आहे, मग? वयाने कानाला कुलूप लागतं की काय?

यंदा गणपतीत माझं डोकं फिरलं. आमची सोसायटी निम्मी गुजराती, निम्मी मराठी. पाचव्या दिवशी सगळ्यांचा मिळून कार्यक्रम असतो. मी जाऊन नाव दिलं: गिटार, दहा मिनिटं. सोसायटीच्या सेक्रेटरीभाईंनी लिहून घेतलं. त्यांना वाटलं, बेन जुनी हिंदी गाणी वाजवणार. मी खुलासा केला नाही. कशाला करू?

एकट्या गिटारीला वजन येईना. एका अॅम्पचा तळ भक्कम, पण धार नाही. दुसऱ्याला धार, पण पोट रिकामं. मग दोन्ही एकदम लावले, एक डाव्या कानात, एक उजव्या. आवाज अजून रुंद वाटावा म्हणून एकाची लाट उलटी केली. त्याला एक बटणच असतं. दाबलं आणि भिंती दूर सरकल्यासारख्या वाटल्या. मी स्वतःवर इतकी खूश झाले की जेवताना भात दोनदा वाढून घेतला.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी दुपारी मांडवात चाचणी होती. मांडववाल्याने माझी वायर खोचली, मी तुकडा वाजवला, आणि त्या दोन उंच स्पीकरमधून काय यावं? डास. तळ गायब, वजन गायब, नुसती किरकिर. खुर्च्या मांडणारी माणसं हसली. दुसऱ्या कुणाचं असतं तर मीही हसले असते. सेक्रेटरीभाई भला माणूस. जवळ येऊन हळूच म्हणाले, "बेन, तमे आरतीमां साथे वगाडजो ने. सरस लागशे." माझ्या दहा मिनिटांत दुसऱ्या कुणाचं तरी गाणं बसवू, असंही त्यांनी सुचवलं.

बातमी माझ्या आधी घरी पोचली. सासूबाई म्हणाल्या, आरतीला वाजव, देवाच्या कामाला कुणी हसत नाही. नवऱ्याचंही तेच, आरतीत काय वाईट आहे? अरे, आरतीत काहीच वाईट नाही, दर वर्षी मी झांज वाजवतेच! पण चौदा वर्षं जे कानात कोंडून वाजवलं ते एकदा तरी उघड्यावर वाजायला नको? मी उद्या मेले तर ही बाई त्या खोलीत काय करत होती हे एकालाही सांगता येणार नाही. त्या विचाराने मला रडूच आलं, आणि रडू आल्याचा आणखी राग आला. सेक्रेटरीभाईंना फोन लावला आणि सांगितलं, दहा मिनिटं माझी आहेत, ती कुणाला द्यायची नाहीत.

दुसऱ्या दिवशी रजा टाकली आणि लॅपटॉपपुढे मांडी घालून बसले. चूक माझीच निघाली. मांडवात स्पीकर दोन असले तरी दोन्हीतून एकच आवाज येतो. मांडववाला डावं-उजवं एकत्रच करतो. आणि माझा एक अॅम्प वर ढकलत होता तेव्हा दुसरा खाली ओढत होता. कपाट दोघांनी धरायचं, एकाने वर जोर लावायचा आणि एकाने खाली, तर ते हलणार कसं? दोघं वेगवेगळ्या कानात होते तोवर त्यांचं भांडण मला कळलंच नाही. ज्याने एकदा तरी चारचौघांत वाजवलंय तो असला घोळ घालणार नाही. जन्मभर हेडफोनमध्ये वाजवणारेच तो घालतात.

उलटं केलेलं सुलट केलं आणि दोघांना मधोमध आणलं. तरी आवाज पोकळच. एक अॅम्प दुसऱ्याच्या केसभर मागून येत होता, त्याला पुढे ओढला. मग चिखल झाला, कारण आता दोघंही तळाशी फतकल मारून बसले. धारवाल्याचा तळ कापला, तळवाल्याची खरखर निम्म्यावर आणली. लोकांना वाटतं, जड आवाज म्हणजे सगळी बटणं शेवटपर्यंत पिळायची. डोंबल! दोघांनी थोडं थोडं सोडलं तेव्हा कुठे वजन आलं.

संध्याकाळी आधी मुलांची वेशभूषा, मग एका बेनचं गाणं, मग मी. पहिला फटका मारला आणि मांडवाचे पत्रे थरथरले. समोर काही जण चक्क उठून गेले. त्यांची मर्जी. चौथ्या मिनिटाला सेक्रेटरीभाई मांडववाल्याकडे गेले, हाताने 'खाली, खाली' अशी खूण केली, आणि त्या माणसाचा हात बटणाकडे निघाला. मी वाजवता वाजवता माइकमध्ये म्हटलं, "त्याला हात लावायचा नाही. अजून सहा मिनिटं माझी आहेत."

त्याने हात खिशात घातला. मी दहाची दहा मिनिटं वाजवलं. टाळ्या पडल्या त्या मोजक्याच.

सासूबाई पुढच्या रांगेत बसल्या होत्या, पदर दोन्ही कानांवर धरून. पण उठल्या नव्हत्या. मी खाली उतरून त्यांच्यापुढे उभी राहिले.

"रोज संध्याकाळी हे वाजवतेस?"

"हो."

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. मग म्हणाल्या, "मला नाही आवडलं हो."

"नका आवडू देऊ, आई. ऐकलंत ना?"

त्या काही बोलायच्या आत सेक्रेटरीभाई आले. मासी, हे फार जोरात झालं, गणपतीसमोर असलं बरं दिसत नाही, असं त्यांना समजावू लागले. सासूबाईंनी पदर कानांवरून काढून खांद्यावर घेतला, माझ्या हाताला धरून उठल्या, आणि त्यांना म्हणाल्या, "ए तो रोज वगाडे छे. तमने आजे खबर पडी."

त्यांना स्वतःलाही ते आत्ताच कळलं होतं, पण तेवढं त्यांनी भाईंना सांगितलं नाही.