नावाआधीचं कै.

हे मी मंगललासुद्धा — माझ्या बायकोला — सांगितलेलं नाही. तिला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय म्हणजे तुमच्यावर माझा विश्वास आहे, असं धरू नका. माझा कुणावर पटकन विश्वास बसत नाही. औरंगपुऱ्यात छपाईचं दुकान चालवायचं तर तो बसून चालतही नाही. कागदवाला गठ्ठ्यात वर चांगला माल लावतो. गिऱ्हाईक प्रूफवर सही करतं आणि नंतर म्हणतं, मी पाहिलंच नव्हतं. असल्या लोकांत राहून माणूस दुसरा कसा होईल?

दुकान मी शून्यातून उभं केलं. लग्न ठरलं तेव्हा दुसऱ्याच्या छापखान्यात कागद कापत होतो. सासरे — त्यांना आम्ही मामा म्हणायचो — बिडकीनचे, जमीनजुमला असलेले. बैठकीत पाहुण्यांसमोर म्हणाले, "पोरगा कामाला बरा हाय, पण रद्दीत हाय." सगळे हसले. मीही हसलो. ते हसणं मी विसरलेलो नाही. हे कारण म्हणून सांगत नाही — खरं आहे म्हणून सांगतो.

पुढं त्यांचाच मुलगा विलास माझ्याकडं कामाला आला. कॉम्प्युटर शिकलेला. आधी आम्ही एकेक निमंत्रण बसून करायचो. नाव बदल, प्रिंट काढ, परत नाव बदल. विलासनं ते बंद केलं. मजकूर एका फाईलीत, त्यात नावाची जागा मोकळी. नावं दुसऱ्या फाईलीत, रकाने पाडून. मग एक काळी खिडकी उघडायची, एक ओळ लिहायची, एंटर मारायचा. माझा चहा संपेपर्यंत ज्याच्या त्याच्या नावाचे कागद तयार.

गिऱ्हाईक खूश. मी? मला ती काळी खिडकी सलायची. तिच्यात ना चित्र, ना बटण. त्यानं काय लिहिलं, कुठं पाठवलं, मला कसं कळणार? मी मागं जाऊन उभा राहायचो. "दाजी, शिकवू का?" तो विचारायचा. शिकवू का — माझ्याच दुकानात! मला वाटायचं, हा आतल्या आत माझी गिऱ्हाईकं गोळा करतोय, उद्या समोरच पाटी लावणार.

त्यात बिडकीनच्या एका मंडळाचं काम आलं. गावातल्या जुन्या माणसांचा सत्कार, प्रत्येकाला सन्मानपत्र. जे गेले त्यांचं घरच्यांनी घ्यायचं. म्हणून नावाआधी वेगळा रकाना होता — कुणाला श्री., कुणाला सौ., कुणाला श्रीमती. गेलेल्याला कै.

विलास जेवायला गेला तेव्हा मी नावांची फाईल उघडली. त्यानं यात माझ्या गिऱ्हाइकांची नावं किती लपवलीत ते बघायचं होतं. सापडायला सोपं जावं म्हणून नावांचा रकाना तेवढा धरला आणि अक्षरांच्या क्रमानं लावला. मध्येच मशीननं इंग्रजीत काहीतरी विचारलं. मी न वाचता हो म्हणालो. माणसांशी मी तासभर घासाघीस करतो. मशीनशी कोण करणार? नावं हलली. श्री., सौ., कै. जागच्या जागी राहिले. माझ्या ध्यानातही आलं नाही. बंद करताना जतन करू का म्हणून विचारलं — त्यालाही हो.

इथपर्यंत चूक आहे. इथंच थांबलो असतो तर तुम्हाला हे सांगत कशाला बसलो असतो?

विलासनं फाईल आधीच मंडळाकडून तपासून घेतलेली. तो निर्धास्त. ओळ लिहिली, एंटर मारला. गठ्ठे मात्र मी बांधतो — ते काम मी कुणाला देत नाही. बांधताना एका कागदावर मामांचं नाव दिसलं. त्याच्याआधी कै.

मला सगळं कळलं. त्या क्षणीच. विलास शेजारच्या टेबलाशी होता. एक शब्द बोललो असतो तर फाईल सुधारून पुन्हा एक ओळ, पुन्हा एक एंटर — एवढंच काम होतं. मी काय केलं? तो कागद गठ्ठ्यात मध्ये सरकवला आणि सुतळी आवळली.

कार्यक्रमाला मी गेलो. मुद्दाम. माईकवरच्यानं मामांचं नाव कैलासवासी म्हणून पुकारलं आणि मामा पहिल्या रांगेत फेटा बांधून बसलेले. मांडवात हशा. मामा उठले, माईक घेतला. "मी अजून हाय, मंडळी! छापलंय आमच्याच पोरानं. लई घाई झालीय त्याला."

पुन्हा हशा. वाटणीवरून बापलेकाचं बिनसलंय, हे गावाला ठाऊक होतं. मामा हसत नव्हते. मागच्या रांगेत एक विधवा बाई स्वतःच्या नावाआधीच्या सौ.वर अंगठा दाबून बसली होती. तीही मी पाहिली.

दुकानात मी विलासवर ओरडलो, चार गिऱ्हाइकांदेखत. "काळ्या खिडकीत तोंड घालून बसतो, अन् बापाला जित्तेपणी मारतो!"

"दाजी, मी तपासलं होतं हो," एवढंच तो बोलला. मग आलाच नाही. वाळूजच्या एका कंपनीत लागला. शिफ्टच्या बसनं जातो. मामांनी त्याच्याशी बोलणं टाकलं. मंगल मध्ये पडायला निघाली, तर मी तिला म्हणालो, तुझ्या भावाच्या मनात काय होतं कुणास ठाऊक. हो — हेही मीच म्हणालो.

मामा त्याच अबोल्यात गेले.

वर्षश्राद्धाची पत्रिका छापायला विलास आला. मजकूर हातानं लिहून आणलेला. "टाईप तुम्हीच करा दाजी. मी हात लावत नाय. ती नावं हलली कशी, मला अजून कळलं नाय. माझ्याच हातून हलली असणार. दुसरं कोण हलवील?"

त्यानं माझ्याकडं रोखून पाहिलं — की मलाच तसं वाटलं? तेव्हा कळलं नाही. आजही कळत नाही.

मी खुर्चीवर बसलो. त्याच्यादेखत कै. टाईप केलं. पुढं मामांचं नाव. तो वाकला, पडद्यावर बोट फिरवत एकेक अक्षर वाचलं.

"बरोबर हाय," म्हणाला.

मी छपाईला सोडलं.