साडू समुद्रात उतरतात

पाण्याशी आमच्या साडूंइतकं अदबीने वागणारा माणूस अख्ख्या महाडात सापडणार नाही. बाजारपेठेत त्यांचं कापडाचं दुकान, वर घर. मोठा पूर आला तेव्हा पाणी दुकान गिळून घरात शिरलं, आणि साडू नि ताई, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, एकमेकांचा हात धरून माळ्यावर बसून राहिले. तेव्हापासून साडूंनी जमिनीवर वस्तू ठेवणं सोडलं. धान्य माळ्यावर, चपला खिडकीत. पाहुण्याने पिशवी खाली टेकवली की ती लगेच खुंटीवर जाते. एरवी शुद्ध बोलणारे साडू पाण्याचा विषय निघाला की थेट महाडजवळच्या नाते या आपल्या गावच्या बोलीवर येतात. "पाण्याचा काय भरवसा नाय, साडू!"

ताई मात्र शिवथरची, लहानपणी डोहात सूर मारणारी. पुरानंतर साडू तिला नदीच्या काठालाही फिरकू देईनात. शेवटी ती कडाडली, "मला एकदा पोटभर पाण्यात जाऊ द्या, मग मरेपर्यंत माळ्यावर बसवा!" अशी आमची चौघांची अंदमानची सहल ठरली. समुद्राच्या तळाशी जाऊन मासे बघायचे, असा ताईचा बेत.

साडूंनी समुद्राला वाहायला महाडहून नारळ घेतला. मी कपाळाला हात लावला. म्हटलं, अहो, अंदमानात नारळाला काय तोटा? तर म्हणाले, "त्याचाच नारळ त्यालाच द्यायचा? शोभतं का ते?" हॉटेलात खोली दुसऱ्या मजल्यावर, तरी चारही बॅगा कपाटावर चढल्या. दात घासायचा ब्रश काढायलासुद्धा खुर्ची लागायची. माझी बायको तर दोन दिवस एकच साडी नेसली.

होडीत ताई तो काळा रबरी पोशाख चढवून, पाठीला हवेची टाकी बांधून तयार. बुडी मारायला शिकवणाऱ्यांनी साडूंसाठीही एक पोशाख ठेवला होता, पण साडू बाक घट्ट धरून बसलेले. ताईने हळूच विचारलं, "येताय?"

"नाय."

ताईचा चेहरा एवढासा झाला, आणि ती वळली. मला साडूंचा असा राग आला म्हणता! तेवढ्यात ते बाक सोडून उभे राहिले. "थांब गो! तवा हात सोडला नाय, आता काय सोडतो?"

शिकवणाऱ्यांसोबत दोघं खाली गेली. मी वरून बुडबुडे बघत बसलो, आणि खरं सांगतो, माझाच जीव टांगणीला लागला. वर आले तेव्हा साडूंनी पाण्यातला चष्मा काढला. डोळे लाल. मी म्हटलं, खारं पाणी गेलं वाटतं. ताईचा हात त्यांच्या हातातच होता.

होडी किनाऱ्याकडे वळल्यावर कुठे ते माझ्याकडे बघून म्हणाले, "साडू, घरात पाणी आलं तवा भांडी, कापड, देव, सगळं तरंगत होतं. इथं एवढं पाणी, आणि खाली सगळं कसं जागच्या जागी हाय हो!"